प्रिय धक्कास्टार्ट

१७ नोव्हेंबर, सोमवार

सांगलीहून प्रशिक्षण घेऊन आलो. विषय: वर्गात चॅटबॉट कसा वापरावा. शाळेतून कुणाला पाठवायचं यावर स्टाफरूममध्ये बराच खल झाला. गणिताच्या सरांची बागेवर फवारणी चालू होती, विज्ञानाच्या मॅडमच्या घरी लग्न होतं आणि मी आयता चहा पीत बसलेला सापडलो. अशा रीतीनं मराठीचा मास्तर एआय शिकून आला. मुख्याध्यापिका राजेश्वरी मॅडम म्हणाल्या, "यादव सर, दोन वर्षांत निवृत्त होणार तुम्ही. जाता जाता काहीतरी नवं करून जा." जाता जाता म्हणे. मी काय चाललोय लगेच?

जे जे कराल त्याची नोंद ठेवा, वर पाठवायची आहे, असंही त्यांनी बजावलंय. ती नोंद मी ठेवीन. 'विद्यार्थ्यांचा उत्स्फूर्त प्रतिसाद लाभला' वगैरे त्यात लिहीन. ही वही मात्र माझी. हिच्यात खरं लिहायचं.

तासगावपासून आमच्या गावापर्यंत एसटीत एक जुना विद्यार्थी भेटला. "सर, ओळखलं का? मी टमरेल!" म्हणत पाया पडला. तो आता फौजेत आहे. सीमेवरून फोन केला तरी 'टमरेल बोलतोय सर' असंच म्हणतो. आठवीचा नवा वर्ग आला की पहिल्या आठवड्यात मी सगळ्यांचं बारसं करतो, हे पंचक्रोशीत माहीत आहे. करावंच लागतं. निम्मा वर्ग एकाच भावकीतला, पूजा तीन, आडनावानं हाक मारली की चौघं उठतात. म्हणून प्रत्येकाला एक नाव. अंगानं एवढासा असलेला विश्वजित म्हणजे 'बेदाणा'. दुसरा तास सुरू झाल्यावर उगवणारा वीरधवल 'मुक्कामी गाडी'. राणी बोलताना अडखळते, तिचा पहिला शब्द निघता निघत नाही, म्हणून ती 'धक्कास्टार्ट'. आपण मागून तो शब्द पुरवला की गाडी चालू. सगळे खो खो हसतात. यादव सरांच्या तासाला पोट धरून हसायला मिळतं म्हणून पोरं शाळा बुडवत नाहीत, हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगेन.

राणीसुद्धा हसते. खाली बघून हसते, पण हसते.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

घरी मोबाइलवर चॅटबॉटशी गप्पा मारून पाहिल्या. 'काय मर्दा, जेवलास का?' असं लिहिलं. तो म्हणाला, 'मी एक संगणकीय सहायक असल्यामुळे जेवत नाही, परंतु आपण विचारपूस केल्याबद्दल धन्यवाद.' पहिल्यांदा सासुरवाडीला आलेला जावईसुद्धा इतका अवघडून बोलत नाही. विनोद सांग म्हटलं, तर सांगितलेल्या विनोदानं मला झोप आली. ह्याला पोरांपुढं उभा कसा करायचा? ज्याला चेष्टा कळत नाही तो शिकवणार काय?

अंजना म्हणाली, "निदान विचारलेल्याचं सरळ उत्तर तरी देतंय. तुमचं तेवढंबी नसतं."

ह्या बाईला मी 'हेडक्लार्क' म्हणतो ते उगाच नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

दहावीच्या वर्गात टीव्हीच्या मोठ्या पडद्यावर त्याला आणला. बेदाण्यानं आपल्या गावच्या जत्रेची माहिती विचारली. त्यानं छातीठोक माहिती दिली: कुठला तरी राजा, कुठली तरी विहीर, तीनशे वर्षांची परंपरा. आमच्या गावात ना ती विहीर, ना तो राजा. बेदाणा ओरडला, "सर, ह्ये आपल्या सरपंचापेक्षा लय ठोकून देतंय की!" वर्ग हसून कोसळला. मी म्हटलं, हा आजचा पहिला धडा. एवढ्या सभ्य भाषेत कुणी सांगितलं म्हणून ते खरं नसतं. धडा छान झाला, उगाच नम्रपणा करत नाही.

मधल्या सुट्टीत पोरं पांगली तेव्हा धक्कास्टार्ट एकटीच की-बोर्डपाशी होती. पटापटा टाइप करत होती, उत्तर वाचत होती, पुन्हा टाइप करत होती. इतका वेळ ती कुणाशीच बोललेली मी पाहिली नव्हती. कौतुक वाटलं. दारातून ओरडलो, "बघा रे, इथं आमच्या धक्कास्टार्टला धक्का मारावा लागत नाही!" व्हरांड्यातली पोरं हसली. तिनं सगळं पुसलं आणि डबा घेऊन बाहेर गेली. कौतुकसुद्धा धडपणे घेता येत नाही ह्या पोरांना.

४ डिसेंबर, गुरुवार

सराव परीक्षेचे निबंध तपासून झाले. मॅडमची कल्पना अशी, की निबंधांचे फोटो, गुण आणि माझी निरीक्षणं चॅटबॉटला द्यायची. त्यानं प्रत्येक मुलाला चार आपुलकीच्या ओळी लिहायच्या. त्या छापून घरी पाठवायच्या, म्हणजे पालकसभेत दाखवायला काहीतरी होईल.

सकाळी सुरुवात केली आणि गोंधळ झाला. त्यानं दोन पूजांची अदलाबदल केली. एकाच आडनावाची सगळी भावकी त्यानं एका घरात कोंबली. मग मला युक्ती सुचली. यादीत खऱ्या नावांऐवजी मी आमची नावं घातली. ती एकासारखी दुसरी नाहीत, चुकायची सोयच नाही. त्यानं अदबीनं विचारलं, 'ही विद्यार्थ्यांची नावे आहेत का?' मी लिहिलं, 'होय, आमच्याकडे हीच चालतात.' त्यानंतर एक चूक नाही. प्रशिक्षणातल्या त्या टायवाल्या साहेबाला हे सुचलं असतं का?

पहिले चार कागद वरची नावं सोडून चाळले. मजकूर बरा होता, जरा गुळगुळीत. बाकीचे न वाचता छापले.

९ डिसेंबर, मंगळवार

आज वर्गात जे झालं तसं माझ्या नोकरीत झालं नव्हतं. कागद वाटले. बेदाण्यानं उभं राहून मोठ्यानं वाचलं, "प्रिय बेदाणा, तुझे हस्ताक्षर सुधारत आहे." मी विसरूनच गेलो होतो, की त्या शहाण्याला चेष्टा कळत नाही! त्यानं प्रत्येकाला त्याच नावानं मानानं पत्र लिहिलं होतं. "प्रिय मुक्कामी गाडी, वेळेचे महत्त्व ओळख." माझ्या डोळ्यांतून पाणी आलं हसून हसून. पोरं बाकावर लोळत होती.

राणीनं आपला कागद वाचला, बारीक घडी केली आणि दप्तरात ठेवला. मधल्या सुट्टीनंतर ती दिसली नाही. पोट दुखत होतं, घरी गेली, असं पूजा म्हणाली.

१२ डिसेंबर, शुक्रवार

राणी अजून येत नाही. 'मुक्कामी गाडी'चे वडील तणतणत येऊन गेले. त्यांचा पोरगा रोज उठून बापाबरोबर दूध घालतो आणि मग शाळेत येतो, म्हणून उशीर होतो. हे मला माहीत नव्हतं. मॅडमनी मला बोलावून परत आलेल्या कागदांचा गठ्ठा पुढं टाकला. "सर, हे आपल्या शाळेच्या शिक्क्यानं घरोघरी गेलंय."

"चूक यंत्राची आहे," मी म्हणालो. "त्याला टोपणनावं कळत नाहीत."

"त्याला कळत नव्हतं, म्हणून त्यानं विचारलं तरी," पडद्यावरचा तो प्रश्न दाखवत मॅडम म्हणाल्या. मला राग आला. एवढ्या तेवढ्यावरून!

यंत्रालाच जाब विचारला. त्यानं लगेच माफी मागितली, इतकी लगेच, की मला तिचा काही उपयोग झाला नाही. मग त्यातच राणीचा कागद उघडून बघितला. तो असा:

'प्रिय धक्कास्टार्ट, मेंढ्या विकल्यानंतरही तुमचा कुत्रा संध्याकाळी रिकाम्या माळाला वळसा घालून येतो, हे तू लिहिले आहेस. वाचणारा तिथे थांबतो. धक्कास्टार्ट, तुझ्याकडे सांगण्यासारखे खूप आहे. बोलताना घाई करू नकोस.'

तो निबंध मीच तपासला होता. कुत्र्याच्या ओळीपाशी मी काय केलं होतं? तिची उत्तरपत्रिका काढून पाहिली. ती ओळ ओलांडून पुढच्या ओळीतल्या शुद्धलेखनाला लाल गोल केला होता. आणि तिच्याबद्दल इतकं चांगलं लिहिलेल्या कागदावर वरती ते नाव. वर्गात हाक मारताना ते कधी असं दिसलं नव्हतं. तोंडातून निघालं, हशा झाला, संपलं. कागदावर ते संपतच नाही.

अंजनाला म्हणालो, "पण ती हसायची गं."

ती भाकरी थापत होती. "हसंल न्हाई तर काय करंल? चार माणसांत रडंल व्हय? मीबी हसतेच की पाव्हण्यांम्होरं. हेडक्लार्क म्हणता तवा."

 

१४ डिसेंबर, रविवार

राणीच्या घरी गेलो. गावाच्या पूर्वेला माळावर वस्ती आहे. वडील तात्याबा पूर्वी मेंढ्या घेऊन हिंडायचे, आता थोडी डाळिंबं लावलीत. "या या, सर. पोरगी पोट दुखतंय म्हणती आन् दवाखान्यात चल म्हणलं की न्हाई म्हणती. आमी तिला ढकलून थोडीच घालणार? तिची विच्छा नसंल तर र्‍हाऊ दे घरी."

म्हणजे गोष्ट इथवर आली होती. दहावीचं वर्ष, लेखी-तोंडी परीक्षा जवळ आलेली, आणि पोरगी घरी बसणार.

तात्याबांनी देवाच्या तसबिरीमागून तोच कागद काढला. "तुमी तिचं लय ग्वाड लिवलंय म्हणं. आमास्नी वाचाय येत न्हाई. तिनं वाचून दावलं. आता तुमी आलाय तर तिच्या आईला तुमच्या तोंडनं ऐकू द्या की."

राणीची आई बनुबाई पदर सावरून पुढं बसली. राणी चहाचा कप घेऊन दारात उभी होती. कागद माझ्या हातात. मी वाचलं, "प्रिय राणी." जिथं जिथं ते नाव आलं तिथं राणी म्हटलं.  कुत्र्याचं आलं तेव्हा बनुबाई हसली आणि तिनं डोळे पुसले.

"हिनंबी असंच वाचलं," तात्याबा म्हणाले, "तेवढं नाव आलं का अडकायची बगा."

ती अडकत नव्हती. मी आत्ता जे केलं तेच ती आईबापांपुढं करत होती. मला मान वर करून दाराकडं बघवेना.

निघताना ती गाडीपर्यंत आली. "सर, मी पेपर दीन. त... त..."

"तोंडी," मी म्हणालो. सवयीनं शब्द पुरवला.  ती म्हणाली, "ती न्हाई देणार."

मी म्हटलं, "राणी, माझं चुकलं. इथून पुढं मी तुला तुझ्या नावानंच हाक मारीन."

"तुमी माराल. प... पोरं? ए... एसटीचा कंडक्टरबी तसंच म्हणतोय."

मी गाडीला किक मारली. 

१५ डिसेंबर, सोमवार

वर्गात जाऊन सांगितलं, आजपासून सगळी नावं बंद. मी दिली होती, मीच परत घेतो. राणीला कुणी त्या नावानं हाक मारली तर गाठ माझ्याशी आहे.

विश्वजित म्हणाला, "का सर? मजा येती की."

"तुला येते?"

त्यानं थोडा विचार केला. "येती. पर ताईला बघाय पाव्हणं आलं हुतं, तवा शेजारनं कुणीतरी म्हणलं, बेदाण्याची भन. तवा न्हाई आली."

"मग बोलला का नाहीस?"

"तुमी हसत असता, सर. तुमी लय खुशीत असता."

मला वाटलं, आता हे हलकं करावं. म्हटलं, "बरं, तुम्हीही माझं काहीतरी नाव पाडलं असेलच. सांगा बघू. अजिबात रागावणार नाही. फिट्टंफाट होईल."

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. वीरधवल म्हणाला, "र्‍हाऊ द्या, सर." मी पुन्हा आग्रह केला. शेवटी मागच्या बाकावरची पूजा उठली. "नगं सर. तुमास्नी वाईट वाटंल."

तास संपेपर्यंत मी फळ्याकडं तोंड करून व्याकरण लिहीत राहिलो.

१६ डिसेंबर, मंगळवार

काय असेल नाव? पोटावरून? चालण्यावरून? कालपासून दुसरं काही सुचत नाही. अंजनाला सगळं सांगितलं तर ती म्हणते, "मला म्हाईत हाय की. मागंच कळलं." मी विचारलं काय, तर म्हणाली, "मी न्हाई सांगायची." आणि गेली दळण आणायला.

पंचावन्न पोरांनी आणि एका बायकोनं मला सांभाळून घेतलंय. मला आपलं वाटत होतं, वर्ग मी सांभाळतोय.

३० डिसेंबर, मंगळवार

मध्ये लिहायला सुचलं नाही. मॅडमनी तोडगा काढला होता, की राणीची तोंडी परीक्षा यंत्रावर घ्यायची. ते आवाजात प्रश्न विचारतं, हसत नाही, चिडत नाही. संगणक कक्षात ती एकटी, मी फक्त शेवटी गुण भरायचे. मी स्वतः वस्तीवर जाऊन हे सांगितलं. ते हसत नाही म्हटल्यावर ती यायला तयार झाली. मला लागलं ते, पण आली हे महत्त्वाचं.

आज सराव घेतला. मी काचेबाहेर उभा. यंत्रानं गोड आवाजात विचारलं, "तुझ्या आवडत्या खेळाविषयी सांग." राणीनं तोंड उघडलं. पहिला शब्द निघेना. तेवढ्यात ते म्हणालं, "मला ऐकू आले नाही. पुन्हा सांगशील का?" तिनं पुन्हा सुरुवात केली. क... क... "छान! तुला क्रिकेट आवडते. क्रिकेटविषयी अधिक सांग." असं चार वेळा झालं. दर वेळी ती थांबली की ते बोलायचं. किती सभ्यपणे!

मी दार उघडून आत गेलो आणि ते बंद केलं. खरं तर मला त्याला शिव्या द्यायच्या होत्या, पण ते हुबेहूब माझ्यासारखं वागत होतं. मी शब्द पुरवतो, तेही पुरवत होतं.

राणीनं की-बोर्ड बाजूला सरकवला. मग म्हणाली, "सर, तु... तुमीच घ्या तोंडी."

"मी?"

"व्हय. पर म... म..." मी ओठ घट्ट दाबून धरले. "मधी बोलू नका."

८ जानेवारी, गुरुवार

आज राणीची तोंडी परीक्षा झाली. नववीच्या रिकाम्या वर्गात ती, मी, आणि नियमाप्रमाणे कोपऱ्यात मॅडम. मी आवडता खेळ विचारला आणि हात टेबलाखाली घेतले.

पहिला शब्द यायला किती वेळ लागला ते मी मोजलं नाही. बाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर येऊन गेला. शब्द मला केव्हाच कळला होता, जिभेच्या टोकाशी तयार होता. शब्द न पुरवणं इतकं जड असतं, हे मला ठाऊक नव्हतं. मॅडम माझ्याकडं बघत होत्या. मी राणीकडं बघत होतो.

"कबड्डी," ती म्हणाली.

मग ती सांगत गेली. वस्तीवरच्या पोरी माळावर खेळतात. ती चढाईला जाते. अडखळत, थांबत, पुन्हा धरत सांगत होती. एकदा तर इतकी थांबली, की मॅडमनी घड्याळ बघितलं. मी बघितलं नाही. मग म्हणाली, "सर, प... पलीकडं गेलं की एका दमात म्हणाय लागतंय. कबड्डी कबड्डी कबड्डी कबड्डी कबड्डी." अखंड म्हणाली, कुठंही न अडता, मान वर करून, थेट माझ्या डोळ्यांत बघत. "तिथं मी क... कधीच अडकत न्हाई. म... मधी कोण बोलतच न्हाई."

आणि नेमक्या त्याच क्षणी मला एक विनोद सुचला. कबड्डीवर, चढाईवर, तिच्यावर. एक नंबर होता. गेल्या तीस वर्षांत इतका नेमका सुचला नसेल. वर्ग भरलेला असता तर छत उडालं असतं. तो ओठांपर्यंत आला आणि मी तो गिळला. म्हटलं, "पुढं सांग, राणी. मी ऐकतोय." तिनं पुढं सांगितलं, सगळं सांगून झाल्यावरच थांबली.

घरी आलो तर अंजनानं विचारलं, "कशी झाली तोंडी?" मी म्हटलं, चांगली झाली. तिला तो विनोद सांगितला नाही. इथंही लिहीत नाही.